करडईला मूठभर तीळ

भोसरीच्या प्रयोगशाळेत आमचा ओव्हन
त्रेसष्ट अंशांवर असतो, रात्रंदिवस.
आत पाच बाटल्या, तोंडं उघडी.
बाहेर महिन्याभरात येतं तेवढं म्हातारपण
आत एका दिवसात येतं, साधारण.
रोज दहा वाजता मी थोडं थोडं तेल काढून घेते,
स्टार्चने निळ्या झालेल्या पाण्यात थेंब सोडत बसते.
निळं विरलं की थांबायचं,
आकडा लिहायचा.
एकट्या करडईचा आकडा
सहाव्या दिवशीच पायऱ्या सोडून पळत सुटला.

बाबा विचारतात, आज काय केलंस?
तेलात तेल मिसळलं.
ते ताटावरून मान वर करत नाहीत.
"आमच्या वेळी त्याला भेसळ म्हणायचे."

भवानी पेठेतली पाटी त्यांच्या पलंगाखाली आहे:
निवृत्ती करपे, शुद्ध घाण्याचे तेल.
'शुद्ध' बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट,
रंगाऱ्याने त्याचे वेगळे पैसे घेतले होते.
बैल विकून मोटर बसवली
तेव्हाही त्या शब्दाला कुणी हात लावला नाही.
आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात.

मी समजावते.
करडई गुणाची, पण हळवी, वारा लागला की बिघडते.
कोंड्याचं तेल कढईत तग धरतं.
शेंगदाण्याला चव आहे,
पण जे करडईत आहे ते त्याच्यात तेवढं नाही.
एकटं कुठलंच तेल सगळं घेऊन येत नाही, बाबा.
"मग लग्न लावतेस म्हण त्यांचं."
लग्नात कोण किती टक्के ते लिहीत नाहीत,
मी म्हटलं,
आम्हाला डब्यावर छापावं लागतं.
ते हसले नाहीत. आमटी मागितली.

रविवारी मी पाच कुप्या घरी आणल्या.
वर नुसते आकडे.
त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, नाक मात्र दुकानातलंच.
तळहातावर थेंब घेतला, दुसऱ्या हाताने चोळला,
ऊब आल्यावर नाकाशी नेला.
पहिलीला म्हणाले, "गेलंय."
दुसरीला, "आज-उद्या."
चौथीवर थांबले.
पुन्हा चोळलं.
शेजारी कुणीतरी भिंतीत ड्रिल मारत होतं
ते संपेपर्यंत बोलले नाहीत.

"ह्यात तीळ किती?"
वीस टक्के.
"फार झाले. घाण्याला चार मुठी पुरतात."

मग पलंगाच्या कडेला बसून,
माझ्याकडे न बघता:
करडईच्या प्रत्येक घाण्यात चार मुठी.
चैत्रापासून पाच.
तुझ्या आजोबांपासून.
गिऱ्हाईक म्हणायचं, करप्यांची करडई
उन्हाळ्यातसुद्धा खवटत नाही, कसं काय हो?
मी म्हणायचो, शुद्ध आहे ना.

चाळीस वर्षं?
"दुकानात तेवढा एकच शब्द खपायचा."

मी त्यांची मूठ स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजली.
चौतीस ग्रॅम तीळ.
"तेव्हाची मूठ मोठी होती," ते म्हणाले,
आणि काट्याकडे असं बघितलं
की जणू तोच खोटा आहे.

नियम मला पाठ आहे.
मिश्रणात कुठलंही तेल वीस टक्क्यांच्या खाली चालत नाही.
चार मुठी म्हणजे घाण्यातला टक्का, सव्वा टक्का.
म्हणजे माझं मिश्रण,
आणि त्यांची आजही भेसळच.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
त्यांना माहीत असावं,
नाहीतर पाटी पलंगाखाली कशाला ठेवली असती,
दर्शनी भिंत मोकळी असताना?

सोमवारी ओव्हनमध्ये सहावी बाटली ठेवली.
करडई, आणि मुठीच्या हिशेबाने तिळाचं तेल.
चिठ्ठीवर प्रमाण लिहायचं असतं.
पेन हातात धरून बराच वेळ उभी राहिले,
मग लिहिलं: करपे.

आज चौथा दिवस.
आकडा घेतलाय.
वास घ्यायला मात्र
रविवारी बाबांना घेऊन येणार आहे.